सव्वाबाराला मी मेलो होतो

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागे हाच किस्सा सांगताना एकाने माझ्या पांढऱ्या धोतरावर अख्खा कप उपडा केला होता. तर गोष्ट अशी, की मी एकदा मेलो होतो. महागावजवळ, भर मे महिन्यात, दुपारी सव्वाबाराला. आणि मेल्याची मी स्वतः खात्री करून घेतली होती!

खात्री करणं हा तर माझा धंदाच. साठ सालच्या आसपासची गोष्ट. यवतमाळला घरी बसून मी मुलांच्या एका मासिकासाठी विज्ञानाचे लेख लिहायचो आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासायचो. नोकरी नव्हे हं. लेखांचा गठ्ठा पोस्टाने यायचा आणि तांबड्या शाईने रंगून परत जायचा. 'खात्री कशी केली?' हा माझा लाडका शेरा. बायको म्हणाली, वरणात मीठ घातलंय, तरी मी विचारायचो, खात्री कशी केली? ती वाटी पुढ्यात आदळायची.

एकदा महागावकडच्या एका खेड्यातून तायडे गुरुजींचा लेख आला. विषय सावली. लेख झकास, पण मध्येच एक वाक्य: 'आपल्या भागात वर्षातून दोन दिवस असे येतात, की भरदुपारी उभ्या माणसाची सावली नाहीशी होते.'

नाहीशी होते? मी चष्मा पुसला. घरातली जाडजूड पुस्तकं चाळली. असलं काही कुठेच नव्हतं. आता ती पुस्तकं विलायतेत लिहिलेली, आणि तिथे सूर्य कधी डोक्यावर येतच नाही, हे माझ्या डोक्यात यायला नको? नाही आलं! वाक्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, 'अशक्य. सावली फक्त भुताला नसते!' स्वतःच्या विनोदावर खूश होऊन लेख परत धाडला.

आठवड्याने कार्ड आलं. 'साहेब, तुमचा शेरा गावभर झाला. मला सगळे भूत गुरुजी म्हणतात. येत्या मंगळवारी या आणि डोळ्यांनी पाहा. मी खोटा ठरलो तर लिहिणं सोडून देईन. पोरांना यापुढे काय तोंडानं शिकवू?'

मी गेलो. खोटं सांगू नका, एखाद्याला त्याच्याच गावात जाऊन खोटं पाडायचं सुख तुम्हाला नको असतं?

तायडे गुरुजी तिशीतले, बारीक, कपडे स्वच्छ. घरात भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर. मी मुद्दाम डिवचलं, "काय गुरुजी, गावात भुताखेतांचं फार प्रस्थ दिसतं?"

"आमच्या घरी नाई जी," ते शांतपणे म्हणाले. "दीक्षा घेतली तवा देव नदीत सोडले. त्याच्यासंगच भुतंही सोडले."

शाळेला सुट्टी होती. तिच्या अंगणात त्यांनी एक लाकडी बल्ली रोवली होती, दोरीला दगड बांधून अगदी सरळ केलेली. माझ्या घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती. आम्ही दोघं त्या बल्लीकडे बघत उभे राहिलो. बारा वाजले.

"ही काय सावली!" मी ओरडलो. "चांगली वीतभर आहे!"

"थांबा न जी. घड्याळीचे बारा अन् सूर्याचे बारा येगळे रायते. अजून पंधरा मिनिटं."

"सूर्य काय यष्टी आहे उशिरा यायला?" म्हणत मी निघायला वळलो.

"इतकं दूर आले, तं पंधरा मिनिटांसाठी काहून जाता? उन्हाचं नका जाऊ, साहेब."

त्यांचा चेहरा पडला होता. मला तो दिसला, आणि तरी मी थांबलो नाही, हे आजही मनाला लागतं. वहीत लिहिलं, 'तपासले. चूक.' आणि फाट्यावरची मोटार गाठायला तरातरा निघालो.

आता आमच्याकडची मे महिन्यातली दुपार रात्रीपेक्षा वाईट. रात्री निदान कुत्री भुंकतात. रस्ता पांढराफटक, माणूस नाही, पाखरू नाही. बाभळीचं पान हलत नव्हतं. माझ्याच वहाणांचा आवाज मागून कुणी चालल्यासारखा यायचा. मी थांबलो की तोही थांबायचा. एक वावटळ रस्ता ओलांडून शेतात गेली, तिथे घटकाभर गरगरली आणि जागच्या जागी विरली. वाटेत मैलाचा दगड लागला. त्याच्याकडे बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळेना. दगडाच्या बुडाशी काळी रेघसुद्धा नव्हती.

पुढे वळणावर एकदम काहीतरी चमकलं. पाच-सहा ठिकाणी एकदम! रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, आरशांच्या घागऱ्यातली. ती हलत नव्हती, बोलत नव्हती. माझ्या पायाशी टक लावून बघत होती. मी तिच्या पायाशी बघितलं. घागरा जमिनीला टेकलेला, त्यामुळे पाय सुलटे की उलटे ते दिसेना. आणि भोवती सगळी पांढरी धूळ. सावली नाही!

मी दोन पावलं मागे सरलो.

म्हातारी हळूच म्हणाली, "बापू, तुयी सावली कुठी गेली?"

मी खाली पाहिलं. पुढे नाही, मागे नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. गोल फिरून पाहिलं. नाही! मी होतो तसाच होतो, फक्त सावली नव्हती.

आणि बघा हं, माणसाची खोड कशी असते. त्या अवस्थेतही मी पुरावे तपासले. ऊन लागून माणसं मरतात, हे खरं. घसा सुकलेला, डोकं हलकं, पायाखाली जमीन लागत नव्हती. भुताला सावली नसते, हे तर मी स्वतःच लेखी दिलेलं! मी वाटेत कुठेतरी पडलो आणि मेलो. मासिकाला कोण कळवणार? बायकोला कोण सांगणार? ती विचारील, खात्री कशी केली?

म्हातारीलाही सावली नव्हती, म्हणजे ती आधी गेलेली, माहितगार. मी हात जोडले. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "याडी," मी म्हणालो, "मी मेलो का हो?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मले काय मालूम? पानी पिऊन पाह्य. मेलेल्याच्या गळ्याखाली पानी उतरत नाई."

माझ्याजवळ पाणी कुठलं? मी उलट्या पावली शाळेकडे धावलो. धोतराचा सोगा सुटला, एक वहाण गेली, ती गेलीच. गुरुजी अजून बल्लीपाशी एकटे उभे होते.

"गुरुजी, मी दिसतो का तुम्हाला?"

"दिसता न जी. झालं काय?"

"पाणी!"

अख्खा तांब्या मी उभ्याउभ्या घशात ओतला. "गेलं!" मी नाचायला लागलो. "गुरुजी, पाणी गेलं! मी जिवंत आहे!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. बल्लीकडे बोट केलं. बुडाशी चार-पाच बोटं सावली होती, पण मघाच्या विरुद्ध बाजूला, पूर्वेकडे.

"मंधात पुरी गेलती," ते म्हणाले. "एकट्यानंच पाह्यली मी. तुमी पाह्यली का नाई?"

"पाहिली," मी म्हणालो. लाजेने मला मान वर करवेना.

"मंग झालं. पर साहेब, आमी भुतं नदीत सोडले, तुमी कायले सांभाळून ठेवले?"

वहीतलं पान मी तिथेच फाडलं आणि गावातल्या चार माणसांसमोर गुरुजींची माफी मागितली.

दोन महिन्यांनी लेख पुन्हा तपासायला आला. कापलेलं वाक्य जागेवर होतं. त्याखाली गुरुजींनी एक नवं वाक्य घातलं होतं: 'एका शहाण्या माणसाला तर या दिवशी आपण मेलोच, असं वाटलं होतं.'

काय करता? मी तांबडी शाई घेतली. फक्त 'शहाण्या' या शब्दावर काट मारली आणि समासात लिहिलं, 'पुरावा नाही. बाकी सर्व खरे. खात्री केली आहे.'