अंगाचा रंग

शिरूरच्या एसटी डेपोसमोर इनुस पेंटरचं दुकान होतं, पण दोन हजार तीन साली तिथं गिऱ्हाइकं कमी आणि माश्या जास्त असायच्या. गावात फ्लेक्स आला होता. जी पाटी रंगवायला इनुसला चार दिवस लागत, ती मशीन तासाभरात ओकून टाकी. गुडघे दुखत, उजवा खांदा वर जाताना कुरकुरे. अशात वरवंडच्या पुढच्या एका वस्तीवरून शाळेची भिंत रंगवायचं काम आलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणत तो ब्रश गुंडाळून चौफुल्याच्या एसटीत बसला.

भिंतीवर शाळेला निघालेली पोरं काढायची होती. पेंटर लोकांची एक रीत असते. ‘अंगाचा रंग’ एकदाच कालवायचा, डबाभर पांढरा, चमचाभर पिवळा, लाल नावाला. देव असो, पुढारी असो की पोर असो, सगळे त्याच डब्यातले गुलाबी. इनुसला हे कधी पटलं नाही. ज्या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांमागं ऊन खाल्लं, तिथली पोरं एवढी गुलाबी कुठून निघणार, सांगा! तो चॉकलेटीत पिवळा घाली, काळ्याचा थेंब टाकी आणि प्रत्येक पोराचा रंग वेगळा कालवी. त्या कालवण्यातच काय तो त्याचा शीण जाई.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अनसाबाईची नात हर्षदा रोज समोर येऊन बसे. काळीसावळी, एक पाय पोलिओनं गेलेला, काखेत कुबडी. इनुसनं तिला भिंतीवर सगळ्यांच्या पुढं काढली, कुबडीसकट. एका रविवारी त्यानं आपली नात आयेशा सोबत आणली होती. दोघींनी दिवसभर एकाच ताटलीत रंग कालवले आणि फ्रॉक सारखेच खराब करून घेतले.

सोमवारी हेडगुरुजींनी भिंत पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“पेंटर, परवा तपासणीला साहेब येतायत. पोरं जरा उजळ करा. आणि ती कुबडी कशाला? शोभा जाते शाळेची.”

पूर्वीचा इनुस ब्रश फेकून निघून गेला असता. आता भांडायचं त्राण राहिलं नव्हतं. “करतो,” एवढंच तो म्हणाला. हर्षदानं ते ऐकलं. ती उठून आजीच्या चुलीपाशी जाऊन बसली. इनुसला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं पोरं उजळ केली, कुबडीही झाकली. पण खालचा ऑइलपेंट खडखडीत वाळला होता, आणि वर त्यानं चढवली ती रंगाची नुसती पूड, पाण्यात कालवलेली, चिकटायला सरस न घालता. साहेब आले, गुलाबी पोरं पाहून खूश झाले, चहा पिऊन उठले. गुरुजी त्यांना सोडायला हायवेपर्यंत गेले.

“अनसाबाई, एक ओलं फडकं द्या.”

फडकं त्यानं हर्षदाच्या हाती दिलं. तिनं पहिलं आपलंच तोंड पुसलं. गुलाबी ओघळ खाली आले आणि आतून ती निघाली, होती तशी. मग कुबडी निघाली.

“आज्जे, मी हाय! हितंच हाय!”

“इनुसभाई, तुमी लई बेरकी हाय,” अनसाबाई म्हणाली. “पर गुरुजी आता परत काम द्यायचे न्हाईत.”

“तसंबी पुढच्या साली फ्लेक्सच लावतील.”

हर्षदानं एकेक तोंड पुसलं आणि शेवटच्या, लाल रिबिनीच्या पोरीपाशी थांबली.

“मामा, आयेशा कुठं हाय?”

“ती तुमच्या शाळंत न्हाई ना.”

“ती रिबिनवाली तरी कुठं हाय आमच्या शाळंत? तिला काढलीच की.”

इनुसनं भिंतीवरून नजर फिरवली. तीस वर्षांत शेकडो भिंती झाल्या. डोक्यावर ओढणी घेतलेली एक पोर, गोल टोपीतलं एक पोरगं त्यानं कधी काढलं नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायच्या आत तो आपणच आपली माणसं गाळून मोकळा व्हायचा.

परतीच्या एसटीची वेळ होत आली होती. तरी त्यानं चॉकलेटीचा डबा पुन्हा उघडला, कालवला आणि भिंतीपाशी गेला.

“सरक गं जरा,” तो भिंतीवरच्या हर्षदाला म्हणाला, “आमच्या आयेशाला जागा दे.”