सासूबाईंनी चालवलेलं रिकामं दुकान

आयर्लंडमधल्या एनिस गावात मी दुकानाची जागा घेतली तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी अमरावतीहून आमच्याकडे आल्या होत्या. नवरा रोज गाडीने लिमरिकला ऑफिसला जायचा. घरी बसून बसून मला कंटाळा आला होता, म्हणून कपडे दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरवलं. जागा आधी चपलांच्या दुकानाची होती आणि बराच काळ बंद पडलेली होती. वायरिंग नव्याने करायला लागणार होतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो, ग्रँड, म्हणजे काळजी नको. पुढचा आठवडा आला की तो पुन्हा तेच सांगायचा.

इथे दुकानावर काउन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, कर असतो, त्याला रेट्स म्हणतात. दुरुस्तीसाठी जागा रिकामी असेल तर आमचं काउन्सिल त्यात सूट देतं, हे कळल्यावर मी लगेच अर्ज भरून टाकला. अट एकच होती, जागा खरोखर रिकामी हवी. त्यांचा माणूस येऊन बघून जाणार होता.

रिकामी जागा सासूबाईंना बघवत नव्हती. "काऊन व, चांगली खोली अशी कुलूप लावून ठेवतेत का कोणी?" म्हणाल्या, आणि वायरवाल्याची वाट बघायला म्हणून माझ्याबरोबर येऊन बसायला लागल्या. पहिल्या दिवशी एक खुर्ची आली. दुसऱ्या दिवशी थर्मास आला. मग सुईदोरा.

शेजारी जुन्या कपड्यांचं एक धर्मादाय दुकान होतं. ते सांभाळणाऱ्या आजी एकदा तुटलेल्या चेनची पर्स घेऊन डोकावल्या. सासूबाईंनी पर्स हातातून काढून घेतली, चेन शिवून दिली आणि वर चहा पाजला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे गप्पा फार रंगल्या. दुसऱ्या दिवशी त्या आजी दोन मैत्रिणी घेऊन आल्या. आठवड्याभरात रोज सकाळी पाच बायका जमायला लागल्या.

मी घाबरले. सासूबाईंना समजावलं, की जागा रिकामी दिसली नाही तर सूट जाईल. त्यांनी विचारलं, शेजारणीला किती कर लागतो? मी म्हटलं, त्यांना माफ आहे, ती संस्था दानधर्माचं काम करते. सासूबाईंनी सुई खाली ठेवली.

"मंग आपण काय करून राह्यलो? चहा फुकट, शिलाई फुकट. आपल्यालेही माफ पायजे."

त्यानंतर त्या जास्तच निर्धास्तपणे बसायला लागल्या.

काउन्सिलचा माणूस आला तो नेमका सकाळी अकराला. खिडकीत तीन कोट टांगलेले, मधोमध पाच बायका, आणि सासूबाई चकल्यांचा डबा फिरवत होत्या. त्याने हातातल्या कागदाकडे बघितलं, मग दारावरच्या नंबराकडे. जागा रिकामी आहे असं अर्जात लिहिलंय, असं तो फार सौम्यपणे म्हणाला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"सांग त्याले," सासूबाई म्हणाल्या, "हे धर्मादाय हाय."

मी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. तो हसला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. चकली घेऊन तो खुर्चीत बसला आणि त्याने नीट समजावून सांगितलं, की धर्मादाय व्हायला संस्था नोंदवावी लागते, विश्वस्त लागतात, केवळ मन मोठं असून भागत नाही. मी ते सांगितल्यावर सासूबाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि आणखी एक चकली दिली. पण ही जागा रिकामी होती असं त्याला लिहिता येणार नव्हतं. सूट गेली.

उठता उठता त्याने विचारलं, "तुम्ही अजून कुणाकडून पैसे घेतले नाहीत ना?"

मी नाही म्हटलं. शेजारच्या आजींनी घाईने सांगितलं, की त्यांनी मार्मलेडची, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याची, एक बाटली दिली होती. त्याने हातातला कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, मार्मलेडचा हिशोब काउन्सिल ठेवत नाही. आणि त्याने मला दुसऱ्या अर्जाबद्दल सांगितलं: बराच काळ बंद असलेल्या दुकानात कुणी नवा धंदा सुरू केला, तर पहिली काही वर्षं रेट्समध्ये सवलत मिळते, पण अर्ज धंदा सुरू होण्याआधी करावा लागतो. म्हणजे मी आजवर चुकीचाच कागद घेऊन बसले होते. दुकान बंद ठेवण्यापेक्षा उघडण्यात माझा फायदा होता.

मी म्हटलं, उघडीन, पण वायरवाला येईल तेव्हा. मी त्याचं नाव सांगताच पाचजणींपैकी एक बाई ताठ बसल्या. तो त्यांचा भाचा निघाला. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि जेमतेम दोन वाक्यं बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो शिडी घेऊन दारात उभा होता, आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

दुकान उघडण्याआधी मी तो दुसरा अर्ज भरला आणि तो मंजूर झाला. पत्र आलं तेव्हा सासूबाई परत गेल्या होत्या, म्हणून मी त्यांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. पत्रात आपलं नाव आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. नव्हतं. तरी अमरावतीत त्यांनी सगळ्यांना सांगितलंय, की आपलं काम बघून तिथल्या सरकारने सुनेचा कर कमी केला. एका नणंदेने मला खरं काय ते विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं.