मागून आणलेला पंखा

२०२४ साल, मे महिना. सिंगापुरात बाराही महिने उन्हाळा, पण मे त्यातला खरा.

ज्या घरात नवी वस्तू पहिल्या झटक्यात चालते, तिथे सांगण्यासारखं काही घडत नाही. आमच्या जावयांनी, मिलिंदरावांनी, तयार कॉम्प्युटर नको म्हणून सुटे भाग आणले आणि हौगांगच्या फ्लॅटमध्ये स्वतःच जोडले. त्यामुळे माझ्याकडे किस्से साचले. मी सातवी पास. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, आता मुलीकडे राहतो. वाढवून सांगायची सवय नाही.

*

बटण दाबलं. काही नाही! मिलिंदरावांनी त्यांचा मित्र केदार याला बोलावलं. केदार रॅफल्स प्लेसला बँकेत मोठमोठे कॉम्प्युटर सांभाळतो. दोघांनी सगळं पुन्हा सुटं केलं, पुन्हा जोडलं. काही नाही.

माझी मुलगी सुनीता म्हणाली, "मागे एक छोटं बटण आहे, ते..."

"सुनीता, प्लीज! मदरबोर्ड गेलाय," मिलिंदराव म्हणाले.

जेवणं झाली. सुनीतानं जाता जाता मागचं बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू!

केदार म्हणाला, "कधीकधी विश्रांती दिली की मदरबोर्ड आपोआप सुधारतो."

*

सुरू झाला, पण पाच मिनिटांत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आतला प्रोसेसर तापत होता. फार तापला की कॉम्प्युटर स्वतःच बंद पडतो म्हणे. त्याचं बरं आहे. इंजिनरूममध्ये आम्हाला ती सोय नव्हती.

आमच्याकडे सगळे पंखे छताला. मिलिंदराव समोरच्या लिम आंटीकडे गेले. सत्तरीची चिनी बाई, एकटी राहते. तिचा टेबलफॅन मागून आणला. कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढून पंखा समोर लावला. कॉम्प्युटर चालू राहिला!

"बाबा, सॉल्व्ह्ड!"

"पंखा परत कधी?"

"बघू ना."

मागून आणलेली वस्तू घरात मुक्काम करत नाही, हा माझा नियम. पण पंखा हलवला की कॉम्प्युटर बंद.

*

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लिम आंटी. घडी केलेल्या वर्तमानपत्रानं वारा घेत होती. माझी मान वर होईना.

"आंटी, फॅन टुमॉरो."

"नो नीड लाह, अंकल! यू कीप!" इथल्या इंग्रजीला शेवटी 'लाह' लागतंच.

भली बाई. स्वतः घामाघूम, पण तक्रारीचा शब्द नाही. म्हणजे परत करणं भागच.

घरी येऊन सांगितलं, "रविवारी पंखा जाणार. तुमचा कॉम्प्युटर चालो नाहीतर जळो."

मिलिंदरावांचा चेहरा पडला.

*

त्यांनी छोटे पंखे विकत आणून आत बसवले. केदारनं पुढच्या जाळीपाशी कागद धरला. चिकटला. मागच्या जाळीपाशी धरला. तिथेही चिकटला.

"दोन्हीकडून हवा आतच येतेय."

"मग छानच की!"

"अरे, बाहेर कुठून जाणार?"

सगळे पंखे उलटे बसवले. आता दोन्हीकडचे कागद उडाले.

मी विचारलं, "आणि आता आत कुठून येणार? पुण्याहून?"

*

मग मी म्हटलं, एसीखाली ठेवा. खोली सोळा डिग्रीवर. सुनीता स्वेटर घालून जेवली. मी कानटोपी बांधली. मिलिंदराव पांघरुणातून टाइप करत होते. कॉम्प्युटर तापून बंद!

सल्ला बरोबर होता. कॉम्प्युटरनं ऐकलं नाही.

*

रविवार उजाडला. केदारनं प्रोसेसरवर बसवलेला धातूचा कूलर उचकटला. प्रोसेसरची उष्णता ओढून घ्यायची, हे त्याचं काम. त्याच्या तळाला प्लास्टिकचा पापुद्रा! वर लाल अक्षरांत छापलेलं: वापरण्यापूर्वी काढा.

"मिलिंद, हे वाचलं नाहीस?"

"वाचलं की."

"मग?"

"अरे, वापर कुठे सुरू झालाय? अजून टेस्टिंगच चाललंय!"

केदारनं घरभर नजर फिरवली. फ्रिजच्या दारावर, टीव्हीच्या रिमोटवर, वजनकाट्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच. मग त्यानं स्वतःच पापुद्र्याला नख लावलं.

पापुद्रा निघाला. आंटीचा पंखा बाजूला ठेवला, तरी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला.

*

मी पंखा स्वच्छ पुसला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. बेसनाच्या लाडवांची पिशवी पंख्याच्या मानेला बांधली.

"बाबा, पंखा म्हणजे काय भांडं आहे?" सुनीता म्हणाली.

"मागून आणलाय ना? मग झालं."

समोरची बेल वाजवली. आंटीनं दार उघडलं. तिच्या मागे तिच्याच उंचीचा नवाकोरा पंखा गरगर फिरत होता.

"आयाह, अंकल! दॅट ओल्ड फॅन आय गिव्ह यू ऑलरेडी! आय सेड कीप, मीन्स कीप लाह!"

"बॉरो," मी म्हटलं. "रिटर्न."

"बट आय डोन्ट वॉन्ट!"

"रिटर्न."

पंखा उंबऱ्याच्या आत ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, लाडवांकडे पाहिलं, आणि पंखा आत ओढून घेतला.

देणं फिटलं.