निकमकाकांनी सांगितलं होतं

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी घरात माझी ख्याती आहे. ही एक गोष्ट मात्र सहा वर्षं राहिली. नवऱ्यालाही सांगितलेली नाही. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी प्लॅनिंगला, निकमकाका स्टोअरला. नामपूरकडचा माणूस, कानात कुजबुजले तरी पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जायचं. माझ्यावर त्यांचा फार जीव. घरची डाळिंबं आणली की पहिलं माझ्या टेबलावर. आणि स्मरणशक्ती? कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर, हे डोळे मिटून सांगायचे. मला स्वतःचा चष्मा सापडायचा नाही.

मग नवं सॉफ्टवेअर यायचं ठरलं — खरेदीपासून पॅकिंगपर्यंत सगळा कारखाना एकाच ठिकाणी दिसणार. त्याआधी ‘आपण तयार आहोत का’ असा एक लांबलचक फॉर्म आला. विभागाविभागात जाऊन, माणसांशी बोलून भरायचा. ते काम माझ्याकडे. मी गेले — गेले होते, एवढं तरी खरं. काका म्हणाले, “ताई, आपल्याकडं आधी माल जातो, चिठ्ठी मागून. मशीन बंद ठेवून कागद कोण लिहीत बसंल? तुमच्या त्या सॉफ्टवेअरवाल्यांना येवढं सांगून ठेवा.”

सोळा आणे खरं होतं. मशीनवाला खिडकीशी येऊन हात पुढे करायचा, काका बेअरिंग द्यायचे, आणि चिठ्ठ्या पाळी संपताना एकदम लिहायचे. वर्षानुवर्षं असंच. सॉफ्टवेअरला मात्र आधी नोंद हवी, मग माल. मला कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं. पण ते लिहिलं असतं तर सगळं दोन महिने पुढे गेलं असतं, आणि मालकांना मी तारखेचा शब्द देऊन बसले होते. बढती डोळ्यांसमोर नाचत होती. मी ‘स्टोअर तयार’ यावर खूण केली.

पहिल्याच आठवड्यात माल गेला आणि नोंदी मागे राहिल्या; संगणक सांगत होता बेअरिंग आहेत, आणि रॅक रिकामं. त्यामुळे नवी मागवलीच नव्हती. दोन दिवस लाइन बंद. मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि मला विचारलं — ही अडचण स्टोअरने आधी सांगितली होती का?

काका माझ्या शेजारीच उभे होते. आणि मी — किती सहज निघालं ते तोंडातून — “नाही,” म्हणाले.

वाटलं, आता छप्पर उडवतील. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. रागाने? नाही हो. गोंधळून. मग त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने अगदी हळू म्हटलं, “ताई म्हणत्यात, तर राहिलं आसंल सांगायचं.”

त्यांना स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. मला बढती मिळाली.

परवा त्यांच्या घरी गेले होते. काकू सांगत होत्या, आता एकटे बाजारात जात नाहीत. गॅस बंद आहे का, दहादा बघतात. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, पण यांना पटत नाही. काकांनी माझा हात धरला.

“ताई, त्या दिवशी तुम्ही बोलल्या म्हणून समजलं. नायतर माझं डोकं विसरायला लागलंय, हे मला कोणी सांगितलंच नसतं.”

मी म्हणाले, काळजी घ्या. आणि चहा पिऊन घरी आले.