पुसला गेलेला बाण

कालव्याच्या पुलावर सात सायकली आल्या. आठवी आली नाही.

मी पुन्हा मोजलं. आमच्या टूरच्या धंद्यात याला हेडकाउंट म्हणतात. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची, आणि आकडा जुळल्याशिवाय पुढे निघायचं नाही. माझा आकडा जुळत नव्हता.

साडेदहा वाजले होते. आठवा म्हणजे आमच्या इटालियन पाहुण्यांपैकी आल्दो, तो सगळ्यांच्या मागे होता. तो फोटो काढायला थांबतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे पहिली दहा मिनिटं मीही निवांत होतो. मग ग्रुपचा म्होरक्या ब्रूनो माझ्याजवळ आला. त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. तो इंग्रजीत म्हणाला,

"निकम, आल्दोला डायबेटिस आहे. सकाळी त्याने इन्शुलिन घेतलंय. अकरापर्यंत त्याने खायलाच हवं. आणि त्याचं खाणं माझ्या बॅगेत आहे."

"नाही खाल्लं तर?"

"साखर उतरते. आधी घाम, मग थरथर. मग माणूस कोसळतो."

तोवर माझी समजूत अशी की डायबेटिस म्हणजे साखर वाढते. ती उतरूनही माणूस जाऊ शकतो, हे मला त्या पुलावर कळलं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी सुरतेत रिंग रोडवरच्या एका लहानशा ट्रॅव्हल कंपनीत ऑपरेशन्स बघायचो. म्हणजे गाडी, ड्रायव्हर, खोल्या, जेवण, आणि काही बिघडलं तर शिव्या. आमचं नेहमीचं काम देवदर्शनाच्या आणि लग्नाच्या बसेसचं. त्या वर्षी सुरतेतल्या एका मिलमध्ये नवे लूम बसवायला आठ इटालियन इंजिनियर आले होते. त्यांच्या गावाकडे द्राक्षांच्या टेकड्या आहेत. टेकड्यांमधून खडीचे पांढरे रस्ते जातात, त्यांवर मोटारी फिरकत नाहीत, आणि ही मंडळी सुट्टीच्या दिवशी तिथे सायकली चालवतात. सुरतेत येतानाही त्यांनी सायकली खोक्यात घालून विमानातून आणल्या होत्या. आपल्या सायकलींपेक्षा रुंद, खोल खाचांचे टायर. सुरतेतल्याच पर्वत पाटियाच्या ट्रकांनी गजबजलेल्या चौकात एकदाच चालवून पाहिल्या आणि परत खोक्यात ठेवल्या.

आमचे शेठ मनहरभाई यांनी मला न विचारता होकार देऊन टाकला.

"निकम, आ लोकोने सायकल फेरववी छे. डुंगर जोईए, द्राक्ष जोईए, ने एक पण ट्रक ना जोईए."

"शेठ, डोंगर आहेत, द्राक्षं आहेत आणि ट्रक नाही, असा रस्ता कुठे आहे?"

"ए तारुं काम."

मी आणि आमचे ड्रायव्हर रामदास आप्पा तीन रविवार रेकी करत फिरलो. रेकी म्हणजे गिऱ्हाईक नेण्याआधी रस्ता स्वतः जाऊन बघणं. आप्पा मूळचे खानदेशातल्या पारोळ्याकडचे, सुरतेत डिंडोलीला माझ्याच गल्लीत राहायचे. सापुताऱ्याचा घाट ट्रकांनी भरलेला होता, तो बाद. घाट उतरून वणी-दिंडोरीच्या बाजूला गेलो, तेव्हा आप्पांना कालवा दिसला. कालव्याच्या काठाने पाटबंधारे खात्याचा तपासणीचा रस्ता असतो. नुसता मुरूम, वर डांबर नाही. खात्याच्या माणसांशिवाय कोणाची गाडी येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना साखळी. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला टेकडीवर चढत गेलेल्या द्राक्षबागा. मी तिथेच ठरवलं, हाच. खात्याकडून पत्र घेतलं, त्यात सायकलींना परवानगी होती, जीपला नव्हती.

चूक इथेच झाली. ग्रुपच्या मागे एक गाडी राहते, तिला आम्ही स्वीप म्हणतो. कोणी पंक्चर झालं, थकलं, पडलं, तर ती उचलते. कालव्यावर जीप चालणार नव्हती, म्हणून आम्ही हायवेने वळसा घालून पुलावर जाऊन थांबायचं ठरलं. मधल्या नऊ किलोमीटरमध्ये मागे कोणीच नाही. त्याला पर्याय म्हणून मी आदल्या संध्याकाळी वाटेतल्या तिन्ही फाट्यांवर चुन्याने मोठे पांढरे बाण काढले होते. फार हुशारीचं काम केलं असं वाटलं होतं.

मी बाकीच्या सहा जणांना पुलावरच बसवलं. ब्रूनोला बिस्किटांसकट जीपमध्ये घेतलं. त्या डोंगरात मोबाईलचा प्रश्नच नव्हता. हायवेच्या तिठ्यावर एसटीडी बूथ दिसला तेव्हा मी आप्पांना थांबायला सांगितलं.

"शेठ, एक पाहुणा हरवलाय. आजारी आहे."

 मनहरभाई म्हणाले, "तो मने फोन शुं करे छे? पहेलां माणस शोध!"

फोन ठेवला. त्यांचं बरोबर होतं. माझी दोन मिनिटं फुकट गेली होती.

तिठ्यावरून कच्च्या वाटेने आम्ही कालव्याला लागून असलेल्या एका वाडीत पोचलो, पंधरा-वीस घरांच्या. दुसरा फाटा तिथेच. उजवीकडे कालव्याचा रस्ता, डावीकडे बागांकडे चढणारा. फाट्याला लागूनच एक घर होतं. अंगण लख्ख झाडलेलं, सडा टाकलेला. दारात एक बाई घाईघाईने रांगोळी काढत होत्या. माझा बाण कुठेच नव्हता.

"मावशी, इथे चुन्याचा बाण होता."

"तो व्हय? मी झाडला ना. आज पोरीला बघायला पाव्हणे यायचे हायेत. सकाळचं सगळं सारवून-झाडून ठेवलं, अन् हे गोरे लोक सायकली घेऊन भुर्रकन गेले. सगळी धूळ अंगणात! मग रस्त्यापर्यंत झाडून काढलं, पुन्हा सडा टाकला." मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "का हो भाऊ, काय झालं?"

मी सांगितलं. त्यांच्या हातातली रांगोळी खाली पडली.

"अगं बाई! माझ्यामुळं माणूस हरवला?"

आता सगळं लक्षात आलं. सात जण बाण बघून उजवीकडे गेले. त्यांच्या धुळीमुळे बाईंनी झाडलं. त्यानंतर आल्दो आला, तेव्हा बाण नव्हता. ब्रूनो खाली वाकून बघत होता. सड्याच्या ओल्या मातीवर टायरची एकच नक्षी उठली होती. जाड, खाचांची. ती डावीकडे वळली होती.

आम्ही जीप डावीकडे घातली. दहा पावलांवर ओल संपली आणि माग पुसला गेला. पुढे चढ होता. अकराला पाच कमी. ब्रूनो सारखा घड्याळाकडे बघत होता. माझ्या डोक्यात भलतंसलतं सुरू झालं. उतारावर सायकल आडवी पडलेली, माणूस चरात. इटलीला फोन कोणी करायचा, काय सांगायचं, त्याच्या बायकोशी कुठल्या भाषेत बोलायचं.

आप्पा स्टिअरिंगवरून नजर न काढता म्हणाले, "घाबरू नको रे भाऊ, सापडी जाई." आप्पा एरवी ऑफिसात मराठी बोलायचे. अहिराणी निघाली म्हणजे तेही घाबरलेले होते.

समोरून द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो आला. मी हात केला.

"सायकलवाला गोरा माणूस दिसला?"

"नानांच्या शेडमध्ये बसलाय की. वरच्या वळणावर."

"बसलाय? का झोपलाय?"

"बसलाय, बसलाय. जा तुम्ही."

त्या शेडमध्ये द्राक्षं क्रेटमध्ये भरायचं काम चालू होतं. मधल्या बाकावर आल्दो बसला होता. शर्ट घामाने भिजलेला, चेहरा अजून पांढरट, पण डोळे उघडे आणि तोंड चालू. समोर द्राक्षांच्या देठांचा ढीग. ब्रूनोने धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि लगेच त्याच्या अंगावर ओरडायला लागला. मी तिथेच एका उलट्या क्रेटवर बसलो. 

बागेचे मालक नाना साठीचे होते. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला.

"सायकलवरून उतरला तो लडखडतच. हात थरथरत होते, कपाळावर घामाचे थेंब. आमच्या हिचंही असंच होतं, इन्शुलिन चालू आहे तिला. मी ओळखलं. भाषा कळत नव्हती, तोंडात द्राक्षं कोंबली सरळ. मग घरातून भाकरी आणवली."

"नाना, तुम्ही होतात म्हणून..."

"असू द्या हो. ह्यानेच मला कामाला लावलंय आता." नाना हसले. त्यांनी प्रयोग म्हणून चार ओळी वाईनच्या द्राक्षांच्या लावल्या होत्या. आल्दोचे वडील तिकडे द्राक्षंच पिकवायचे. जरा हुशारी आल्यावर आल्दोने त्या ओळींतला एक मणी चावून बी तळहातावर काढली होती आणि नानांना दाखवली होती. बी हिरवी होती. त्याने मान हलवली आणि बोटं दाखवली, अजून तीन आठवडे. नाना दुसऱ्याच दिवशी तो माल उतरवणार होते.

आम्ही पाऊण तास थांबलो. आल्दोने पुन्हा खाल्लं, त्याचा रंग परतला. पुलावरच्या सहा जणांना आप्पांनी जाऊन निरोप दिला. त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आल्दोला पुढे जीपमध्ये बसवलं. तो कुरकुरला, पण बसला.

परतताना मी वाडीवर जीप थांबवली. बाई दारातच उभ्या होत्या. आत पाहुणे बसले होते, तरी त्या बाहेर आल्या.

"सापडला?"

"सापडला. ठणठणीत आहे."

"देवा!" त्यांनी दोन्ही हात जोडले. "माझं निम्मं ध्यान तिकडंच होतं. चहात साखर घातली का नाही, तेही आठवेना."

"मावशी, तुमची काही चूक नाही. तुमच्या अंगणापाशी तुम्हाला न विचारता बाण काढला, तो मी."

पुढची तीन वर्षं मी त्या कालव्यावरून अनेक ग्रुप नेले. चुना पुन्हा वापरला नाही. प्रत्येक फाट्यावर गावातलाच एक माणूस उभा केला, आणि प्रत्येक पाहुण्याच्या खिशात त्याचं स्वतःचं खाणं आहे की नाही, हे निघण्याआधी स्वतः हात घालून बघितलं. पाहुणे या तपासणीवर हसायचे. मीही हसायचो, पण शेवटच्या खिशातलं खाणं हाताला लागल्यावर.