दोन टिप्पर खडी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, उदगीरच्या आमच्या घरी फाटकापासून ओसरीपर्यंत मोटारीसाठी खडीचा रस्ता करण्याचा निर्णय मी एकट्याने घेतला होता.

बायको म्हणाली, "आधी काळी माती काढा, मुरूम टाकून, पाणी मारून दाबून घ्या. मग खडी." मी म्हणालो, मुरमाला शोभा नाही. थेट काळ्या मातीवर दोन टिप्पर खडी पसरली आणि महिनाभर तिच्यावरून करकर वाजवत ऐटीत फिरलो.

मग चार दिवस पाऊस लागला आणि खडी दिसेनाशी झाली. नेमके तेव्हाच लेकीला बघायला अहमदपूरचे पाहुणे आले. रस्त्याचा विषय काढायचा नाही, असे मी बायकोला बजावले होते. पाहुण्यांची मोटार फाटकातच निम्म्या चाकापर्यंत रुतली. मुलाचे वडील, म्हणजे आताचे आमचे व्याही, पायजमा वर धरून चिखलात उतरले आणि सौम्यपणे म्हणाले, "खडी टाकायची राहिली वाटतं?"

"हाव, हाव," मी घाईने म्हणालो.

तेवढ्यात ओसरीवरून बायको म्हणाली, "टाकली की दोन टिप्पर! जमिनीनं सगळी गिळली, पण यांचा हट्ट काय तिला गिळवंना!"