शेजार बघून घेतलेली जागा

आई गेली तेव्हा तिला कुठे ठेवायचं यावरून आमच्या घरात जेवढी बोलाचाली झाली, तेवढी ती जिवंत असताना तिच्याबद्दल कधी झाली नव्हती. चुलत्यांचं म्हणणं सरळ होतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी नाशिकला न्यायच्या आणि गोदावरीत सोडायच्या. आजवर सगळ्यांचं तसंच झालं होतं. बाबा ओटीवर बसून ऐकत होते. ते मुळात कमी बोलणारे. शेवटी एवढंच म्हणाले, "ती कधी मुरबाडच्या पुढं एकली गेली नाय. तिला नाशकात सोडून मी घरी येऊ?"

चुलत्यांनी नाशिकचा विषय तिथेच सोडला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव टोकावड्याजवळ, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. स्मशानाच्या वरच्या अंगाची पडीक जमीन साफ करून गावाने तिला नुकतंच स्मृतिवन असं नाव दिलं होतं. ज्याचं माणूस गेलं त्याने तिथे एक खड्डा निवडायचा, मूठभर राख घालायची, झाड लावायचं आणि ते जगवायचं. पाच-सहा घरांनी लावलीही होती. बाबांना ते पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. माझं सासर कसाऱ्याला. आई नसलेल्या माहेरी आता काय म्हणून यायचं, हा प्रश्न मला सुतकातच पडला होता. तिचं झाड असलं तर खोडाला पाठ लावून बसता येईल, एवढाच माझा स्वार्थ.

जागा बघायला बाबा आणि मी गेलो. मुलीसाठी स्थळ बघावं तशी त्यांनी ती बघितली. पहिल्या खड्ड्याच्या शेजारी जिचं झाड होतं, तिच्याशी आई कित्येक वर्षं बोलत नव्हती. बांधावरच्या पाण्याचं भांडण, कधी मिटलंच नाही. बाबा तिथूनच मागे फिरले. "हितं नको. हितं तिला झोप नाय लागायची." दुसरा खड्डा उताराच्या तळाशी होता, तिथे पावसाचं पाणी साचलं असतं. मला हसूही येत होतं आणि रडूही. तिसऱ्या खड्ड्यापासून खालचा एसटीचा थांबा दिसत होता. दुपारी गाडीचा आवाज आला की आई भांडी टाकून पडवीत यायची, कोण उतरलं ते बघायला. बाबा त्या खड्ड्याजवळ खाली बसले, तिच्या उंचीवरून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दिसतंय."

राख सावडल्यावर स्मृतिवनाचं बघणारे गुरुजी म्हणाले की मूठभर खड्ड्यात घाला, बाकीची नदीत सोडा. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की गुरुजी अर्धं पाऊल मागे सरले.

"मूठभर ती हितं, आन मंग नदीत गेली ती कोण?"

अस्थी आणि राख मिळून दोन घमेली भरली होती. ती सगळी त्यांनी खड्ड्यात घातली, वर थोडी माती लोटली आणि सोनचाफ्याचं रोप लावलं. आमच्याकडे राखेला कुणी भीत नाही. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून राब भाजायचा आणि त्या राखेवर भाताचं बी टाकायचं, ही पिढ्यांची रीत. मूठभर राखेत जर झाड येत असेल, तर दोन घमेल्यांत केवढं येईल, असा बाबांचा विचार असणार. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

दिवाळीला गेले तेव्हा चाफ्याची पानं कडेने करपली होती. होळीपर्यंत काडी उरली. पुढच्या वर्षी बाबांनी आंब्याचं कलम लावलं, त्याला लांबून पाणी आणून घातलं. तेही गेलं. गावात कुजबुज सुरू झाली की तिला नाशिकलाच न्यायला हवं होतं. बाबांचं जेवण कमी झालं. एकदा मला गाडीवर सोडायला आले तेव्हा रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "तिला जागा आवडली नाय काय गो?" गाडी आली आणि मी चढले. शहापूर येईपर्यंत माझे डोळे गळत होते.

कोडं सोडवलं आत्याने. ती माहेरपणाला आली होती. वाळलेलं कलम बघून बाबांना म्हणाली, "दादा, राब आपन वरती भाजतो. तू तर मुळांच्या खाली कोंबलीस. येवढी राख मुळांना जाळती. काढ थोडी, पसर वावरात. झाड येतंय का नाय बघ."

बाबांनी कुदळ आणली. मी शेजारी उभी होते. खाली राख घट्ट बसली होती, ओल्या चुन्यासारखी. बाबांनी तिच्यावरची माती हाताने बाजूला केली, तळवा टेकवून तसेच बसून राहिले. मग माती परत लोटू लागले.

"बाबा, काढा ना."

"ऱ्हाऊ दे. आता कुठं बसलीय नीट."

मी चिडले. चांगलीच चिडले. "मग मी येऊन काय बघू? दगड?"

"झाड कुणाला पायजे?" ते म्हणाले. "ती हाय ना."

मग वर्षानुवर्षं इतरांची झाडं वाढली, आमची जागा तशीच बोडकी राहिली. बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत. शेजारी सावली असूनही तिकडे सरकत नसत. मी आले की मीही त्यांच्यासोबत उन्हात बसायची, मनातून थोडी रुसलेली. मला माझ्या आईचं झाड हवं होतं. आईच हवी होती, पण ते मागायचं कुणाकडे?

शेवटच्या आजारपणात बाबांनी मला जवळ बसवून सांगितलं, "मला खड्ड्यात नको घालू. वरनंच पसर, पातळ. पावसानं झिरपत जाईन तिच्यापाशी. सावकाश. घाई नाय."

आम्ही तसंच केलं. त्यांची राख मी माझ्या हाताने पसरली. हात झटकायचा धीर होईना, तसाच पदराला पुसला. चुलते आता फार म्हातारे झाले होते. काठी टेकत टेकत आले आणि मला म्हणाले, "आता लाव गो एखादं झाड. राख वरतीच हाय, जगंल. तुला हवं व्हतं ना?"

हवं तर होतंच. पण मी नको म्हटलं. मुळं दोघांच्या मधे आली असती.